मखरापुढचे मतभेद

श्रीगणरायांचे घरोघरी आगमन झाले आहे. प्राणप्रतिष्ठा झाली, एकवीस दूर्वांची जुडी आणि तांबडे जास्वंद श्रींच्या मस्तकी विराजमान झाले, मोदकांचा नैवेद्य झाला. सायंकाळी आरती होते, मंत्रपुष्पांजलीचे स्वर विरतात, आणि प्रसाद हाती घेऊन मंडळी ओसरीवर किंवा दिवाणखान्यात विसावली की बोलणे सुरू होते. प्रथम पाऊसपाण्याची विचारपूस, मग यंदा भातशेती कशी आहे याची चौकशी, मग मुंबई-गोवा महामार्गाने गावी पोहोचेपर्यंत किती तास मोडले याची कहाणी. आणि पाहता पाहता विषय राजकारणावर येऊन ठेपतो. कोणी सरकारचा कैवार घेतो, कोणी त्याचे वाभाडे काढतो, कोणी न्यायालयाच्या निर्णयावर बोलतो, कोणी धर्माचे आता कसे होणार या चिंतेत पडतो. आवाज चढू लागतात. मग घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती हात वर करून म्हणते, "पुरे आता. देवापुढे राजकारण नको."

हे वाक्य ऐकले नाही असे घर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. त्यामागील हेतू निःसंशय चांगला असतो. तथापि, आज या मंगलप्रसंगी आम्ही वाचकांपुढे एक वेगळा विचार ठेवू इच्छितो. देवापुढे राजकारणाविषयी बोलू नये, असे आम्हांस वाटत नाही. देवापुढे कसे बोलावे, हा खरा प्रश्न आहे.

उत्सव आणि विचार

घरातील पार्थिव गणेशाचे पूजन हे परंपरेचे व्रत होय. सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. १८९३-९४ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी त्याला व्यापक सार्वजनिक रूप दिले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ सालीच त्याचा आरंभ केला, असे आग्रहाने सांगणारेही आहेत. म्हणजे या उत्सवाचा जनक कोण, याविषयीच मतभेद आहेत! मुंबईत गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासून चालत आला असून १९०१ साली स्वतः लोकमान्यांनी तेथे भेट दिली होती. त्या काळच्या मांडवात केवळ आरास नव्हती. कीर्तने होती, व्याख्याने होती, मेळ्यांची पदे होती. परकीय सत्तेला त्या पदांची धास्ती वाटू लागली आणि तिने मेळ्यांवर बंधने घातली, यातच त्यांचे सामर्थ्य दिसून येते. देवाच्या साक्षीने चार माणसांनी एकत्र यावे आणि देशाच्या स्थितीचा विचार करावा, ही या उत्सवाची मूळ प्रेरणा होय. अशा उत्सवाच्या घरात मौन पाळणे म्हणजे त्या प्रेरणेशी फारकत घेणे होय.

पण याच इतिहासात आणखी एक धडा आहे, आणि तो आज अधिक मोलाचा वाटतो. लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे डेक्कन कॉलेजातील जिवलग मित्र. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर मते दुभंगली. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. दोघांनी एकमेकांवर लेखणीचे जे वार केले त्यांत कटुता नव्हती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु १८९५ साली आगरकर ऐन तारुण्यात निवर्तले तेव्हा त्यांचा मृत्युलेख 'केसरी'त लोकमान्यांनीच लिहिला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी तर त्यांचा राजकीय विरोध जन्मभराचा. १९०७ साली सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटली ती जहाल आणि मवाळ या दोन पक्षांच्या संघर्षाने. असे असूनही १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले यांचे निधन झाल्याचे कळताच लोकमान्य सिंहगडाहून खाली उतरले, अंत्ययात्रेला गेले आणि स्मशानात उभे राहून आपल्या प्रतिपक्ष्याच्या देशसेवेचा त्यांनी गौरव केला.

मत न सोडता माणूस न सोडणे, ही ती थोरवी. आज आपल्या घरांत ती किती उरली आहे?

आमच्या घरची कबुली

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपल्या घरची गोष्ट सांगावी, हे उचित. आमचे मूळ घर कोकणात. आमच्या आजोबांच्या काळापासून साऱ्या भावकीचा गणपती एकच. चुली वेगळ्या झाल्या, जमिनीचे वाटे झाले, कोणी मुंबईला गेले, कोणी पुण्यात स्थायिक झाले. पण चतुर्थीला सर्वांनी त्याच माजघरात यायचे, त्याच माटवीखाली बसायचे, हा शिरस्ता कधी मोडला नाही. कोकणात 'गणपती वेगळा केला' या तीन शब्दांचा अर्थ काय होतो, हे तेथील वाचकांना सांगावयास नको.

२०२४ सालच्या चतुर्थीची गोष्ट. लोकसभेची निवडणूक होऊन तीन महिने झाले होते आणि विधानसभेची तोंडावर होती. २०२२ साली शिवसेनेत आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडल्यापासून महाराष्ट्रातील कित्येक घरांप्रमाणे आमच्या घरातही दोन तट पडले होते. आरतीनंतर बोलण्याला तोंड फुटले. आमचे धाकटे चुलत बंधू एका बाजूचे, आम्ही दुसऱ्या बाजूचे. कोण निष्ठावंत, कोण गद्दार, कोण धर्माचे रक्षण करतो आणि कोण त्याचा व्यापार करतो, असे शब्द इकडून तिकडे जाऊ लागले. आणि मग आमच्या तोंडून एक वाक्य गेले. आम्ही म्हणालो, "ज्यांनी त्या पक्षाला मत दिले, त्यांनी या मखरापुढे हात जोडण्याचे सोंग करू नये."

ओसरी एकदम शांत झाली. आतून काकी दाराशी आल्या आणि काही न बोलता परत गेल्या. बंधू उठले, त्यांनी श्रींना नमस्कार केला आणि ते एवढेच म्हणाले, "दादा, पुढच्या वर्षी आम्ही आमचा गणपती वेगळा आणू." पुढच्या वर्षी त्यांनी तो आणला. पन्नास पावलांवरच्या त्यांच्या घरातून आरतीच्या झांजा आम्हांला ऐकू येत होत्या, आणि आमच्या त्यांना.

त्या दिवशी आमचे काय चुकले, याचा आम्ही दोन वर्षे विचार करीत आहोत. आमचे राजकीय मत चुकले असे आजही आम्हांस वाटत नाही. देवापुढे राजकारण बोललो, हीही चूक नव्हे. चूक ही झाली, की आम्ही देवालाच आमच्या पक्षात ओढले. श्रीगजाननाला आम्ही आमचा साक्षीदार केले आणि बंधूंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. माणसाचे मत त्याच्या भक्तीचे माप ठरवू शकत नाही, आणि भक्ती ही कोणत्याही मताची शिफारस होऊ शकत नाही. मत मतपेटीत पडते. नमस्कार देवाच्या चरणी पडतो. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत मांडण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता?

वाद, जल्प आणि वितंडा

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा फार सूक्ष्म विचार करून ठेवला आहे. महर्षी गौतमांच्या न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला वाद: त्यात दोन्ही पक्ष सत्य काय आहे ते जाणून घेण्यासाठी बोलतात. दुसरा जल्प: त्यात कोणत्याही उपायाने जिंकणे एवढेच ध्येय असते. तिसरी वितंडा: त्यात बोलणाऱ्याला स्वतःचे असे काही सिद्ध करावयाचे नसते, केवळ समोरच्याचे खंडन करावयाचे असते. आज आपण ज्याला 'वाद घालणे' म्हणतो तो बहुधा जल्प असतो, आणि रात्र चढत जाते तशी त्याची वितंडा होते. 'वाद' हा शब्द भांडणाला समानार्थी होऊन बसला, यातच आपल्या चर्चेचे दैन्य दिसते.

गणेशोत्सवाशीच निगडित असा एक प्रश्न घेऊन पाहू. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविषयी हल्ली प्रत्येक घरात बोलले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींना मनाई केली. पुढे जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्यास आणि विकण्यास मोकळीक दिली; मात्र न्यायालयाच्या परवानगीवाचून नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन होता कामा नये, असेही बजावले. यावर ओसरीवर दोन मते लगेच उभी राहतात. एक म्हणतो, निर्बंध आमच्याच सणांना का? दुसरा म्हणतो, श्रद्धेच्या नावाखाली नदी-समुद्र का नासवावेत? आणि दहा मिनिटांत पहिला अंधश्रद्ध ठरतो, दुसरा धर्मद्रोही.

आता हाच प्रश्न 'वाद' म्हणून कसा बोलता येईल ते पहा. पूजाविधीत मूर्तीला 'पार्थिव' म्हटले आहे. पार्थिव म्हणजे मृत्तिकेची. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळून पुन्हा मातीरूप होते. जिप्सम तापवून केलेले प्लास्टर तसे सहजी विरघळत नाही, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर श्रींचे भग्न अवयव पाहण्याची पाळी भाविकावर येते. हे दृश्य पाहून ज्याच्या मनाला यातना होतात, त्याला धर्मद्रोही कसे म्हणावे? उलट पक्षी, रायगड जिल्ह्यातील पेण आणि हमरापूर परिसरातील कितीतरी कुटुंबे बारा महिने मूर्ती घडवून पोट भरतात. शाडूची मूर्ती जड असते, वाळावयास वेळ घेते, वाहतुकीत भंगण्याचे भय असते आणि तिची किंमतही अधिक पडते. त्या कारागिराच्या चुलीची काळजी करणाऱ्याला अंधश्रद्ध कसे म्हणावे? दोघांचे म्हणणे शांतपणे ऐकले, तर घरची मूर्ती लहान व मातीची आणावी, कारागिराला तिचे योग्य मोल घासाघीस न करता द्यावे आणि विसर्जन घरी अथवा कृत्रिम हौदात करावे, असा मार्ग एकाच बैठकीत निघू शकतो. जल्पातून मात्र असा मार्ग कधीही निघत नाही.

तीच गोष्ट ध्वनिवर्धकांची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धकास मनाई आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. हा नियम सर्व धर्मांच्या सर्व ध्वनिवर्धकांस सारखाच लागू आहे, आणि तो सर्वांना सारखाच लावला जावा ही मागणी अगदी न्याय्य आहे. परंतु दुसरा नियम मोडतो म्हणून आपणही मोडू, हा युक्तिवाद मंगलमूर्तीच्या दारी शोभत नाही. शेजारच्या खोलीत तान्हे मूल असेल, कोणी रुग्ण असेल. त्यांची झोप मोडून मिळविलेले पुण्य कोणत्या खाती जमा होणार?

न ऐकलेले मत

आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. ओसरीवर या सर्व चर्चा चालतात तेव्हा घरातील अर्धी माणसे तेथे नसतात. ती आत उकडीच्या पाऱ्या वळीत असतात. त्याच २०२४ सालच्या चतुर्थीत आमच्याकडे 'लाडकी बहीण' योजनेवर तासभर खल झाला. दरमहा दीड हजार रुपये देणे योग्य की अयोग्य, तिजोरीला परवडेल की नाही, मतांसाठीच हे चालले आहे की काय, यावर सर्व पुरुषांनी आपापली मते मोठ्या तावातावाने मांडली. ज्यांच्या नावाने ती रक्कम येणार, त्या घरातील भगिनींपैकी एकीलाही कोणी विचारले नाही. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताचा अधिकार १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आहे. मतदान केंद्रात जे मत मोजले जाते, ते आपल्या ओसरीवर अजून मोजले जात नाही. यंदा मोदकाचे सारण भरण्यास पुरुषांनीही बसावे आणि चर्चा स्वयंपाकघरातच व्हावी, असे आम्ही सुचवितो. मोदकाला चुण्या घालताना आवाज फार चढत नाही, असाही त्यात एक लाभ आहे.

लेखनिक गजाननाची अट

महाभारताच्या लेखनाची कथा आपल्याकडे सर्वश्रुत आहे. व्यासांनी सांगावे आणि गणेशांनी लिहावे असे ठरले, तेव्हा लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, अशी अट गणेशांनी घातली. व्यासांनीही उलट अट घातली, की अर्थ समजल्यावाचून एक अक्षरही लिहू नये. साक्षात बुद्धिदात्याने ती अट मान्य केली. आणि आपण? हातातील मोबाईलवर कोणा अनामिकाचा मजकूर येतो. अमक्या मंदिरावर संकट आले, तमका नेता असे म्हणाला, अमक्या समाजाने असे केले. आपण तो पुरता वाचतही नाही, अर्थ समजणे तर दूरच, आणि पुढे पन्नास घरी पाठवून मोकळे होतो. त्यातील किती मजकूर खरा असतो, हे आपले आपण जाणतो. सकाळी अथर्वशीर्षाची आवर्तने करताना आपण सत्य बोलण्याची प्रतिज्ञा उच्चारतो. त्याच दिवशी दुपारी असत्य पुढे ढकलतो. या दहा दिवसांत निदान एवढा नेम करावा, की ज्याची खात्री नाही ते पुढे पाठवावयाचे नाही. उपवासाइतकाच हा नेमही देवाला पावेल, अशी आमची श्रद्धा आहे.

श्रींना 'शूर्पकर्ण' हेही एक नाम आहे. ज्याचे कान सुपासारखे तो शूर्पकर्ण. सूप दाणे ठेवते आणि फोल उडवून देते. ऐकावयाचे सर्वांचे, त्यातील सत्त्व तेवढे ठेवावयाचे. ज्या देवाचे आपण पूजन करतो, त्याचे कान मोठे आहेत आणि मुख सोंडेआड झाकलेले आहे, याचा अर्थ वडीलधाऱ्यांनी मुलांना या दिवसांत समजावून सांगावा, आणि सांगता सांगता स्वतःही ध्यानी घ्यावा.

गाऱ्हाणे

कोकणात घरातील ज्येष्ठ पुरुष श्रींपुढे उभा राहून गाऱ्हाणे घालतो. घरच्या-दारच्या, गावच्या-परगावच्या, शिकणाऱ्या-नोकरीवर असलेल्या, आजारी आणि दूरदेशी गेलेल्या अशा सर्वांचे क्षेम तो मागतो. वाटेत कोणाचे काही चुकले असेल तर पदरात घे, म्हणतो. प्रत्येक मागण्यानंतर सारी मंडळी एका सुरात 'व्हय म्हाराजा' अशी साथ देतात. आम्ही लहानपणापासून हे गाऱ्हाणे ऐकत आलो. त्यात कोणाचा पक्ष कधी विचारला गेला नाही. कोणी कोणाला मत दिले, याचा त्यात उल्लेख येत नाही. रागावून गेलेल्यांची नावे मात्र त्यात आवर्जून घेतली जातात. कारण गाऱ्हाणे मुळी त्यांच्यासाठीच असते.

गेल्या वर्षी आमच्या घरी गाऱ्हाणे घालण्याची पाळी आमची होती. बंधूंचे नाव घेण्याची वेळ आली आणि आमचा आवाज अडखळला. मागे उभ्या असलेल्या काकींनी, आम्ही नाव घेण्यापूर्वीच, 'व्हय म्हाराजा' म्हटले. त्या एका साथीने आम्हांस जे शिकविले, ते आमच्या इतक्या वर्षांच्या वाचनाने शिकविले नव्हते.

यंदा चतुर्थीच्या सायंकाळी आपल्या घरची आरती आटोपली, की आम्ही मोदकांचा डबा घेऊन त्या पन्नास पावलांवरील घरी जाणार आहोत. बंधूंच्या गणपतीपुढे बसणार आहोत. दोन वर्षांपूर्वी बोललेले वाक्य त्याच देवापुढे परत घेणार आहोत. आमचे मत आम्ही बदललेले नाही, आणि त्यांनी त्यांचे बदलावे असा आमचा आग्रहही नाही. दोन गणपतींचा पुन्हा एक होईल की नाही, हे आमच्या हाती नाही. पण प्रसाद घेऊन झाल्यावर पुन्हा राजकारणावर बोलणे निघाले, तर आम्ही उठून येणार नाही, आणि आवाजही चढविणार नाही.

वाचकहो, आपल्याही भावकीत असे पन्नास पावलांवरचे एखादे घर असेल. फार तर फोनच्या एका हाकेवर असेल. विसर्जनाचा दिवस येण्यापूर्वी तेथे जाऊन यावे. श्रीगजानन सर्वांस आपापल्या मतावर ठाम राहण्याचे बळ देवो, आणि त्याहून अधिक, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सुबुद्धी देवो, हीच त्या विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना.